तूर म्हणजे हो

आमच्या ख्रिस्ती मंडळीची वार्षिक सभा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, उपासना सुटली की लगेच भरते. लगेच म्हणजे चहा झाल्यावर. बाकं भिंतीला सरकवतात, सतरंज्या अंथरतात, आणि तासाभरापूर्वी ज्या टेबलावर प्रभुभोजनाची भाकर होती तिथे डालड्याचा एक जुना डबा येऊन बसतो. झाकणाला रुपयाएवढं भोक. ही आमची मतपेटी. सभासद वहीत ज्याचं नाव आहे त्याला दोन दाणे मिळतात, एक तुरीचा, एक हरभऱ्याचा. तूर म्हणजे हो, हरभरा म्हणजे नाही. एक दाणा डब्यात टाकायचा, उरलेला शेजारच्या अर्पणाच्या थैलीत. कोणी कुठला कुठे टाकला ते मुठीलाच माहीत. डब्यात जितकी तूर, तितकाच थैलीत हरभरा निघाला पाहिजे, असा उलटसुलट हिशेब जुळला की मगच आकडा वाचायचा.

ही पद्धत आजीच्या काळातली. तेव्हा मंडळीतल्या बहुतेक बायकांना चिठ्ठी वाचता येत नव्हती, पण अंधारातसुद्धा तूर आणि हरभरा बोटाला कळत होता. पुढे सगळ्या शिकल्या. दाणे राहिले.

'मंडळी' हा शब्द बाहेरच्या माणसाला चकवतो. एकदा एसटीत कंडक्टरला म्हटलं, 'लवकर पोचव बाप्पा, आमच्या मंडळीची सभा आहे.' तो तिकीट फाडता फाडता म्हणाला, 'काहो मास्तर, घरच्या मंडळीची बी सभा भरते काय?' त्याचं काय चुकलं? आपल्याकडे बायको मंडळी, भजनातली माणसं मंडळी, जेवायला बसलेलेही मंडळीच. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया, म्हणजे नगरातल्या नागरिकांची बोलावून भरवलेली सभा. आपल्या बायबलच्या भाषांतरकारांनी त्याला मंडळी म्हटलं आणि, माझ्या मते, फार बरं केलं. चर्च म्हटलं की इमारत दिसते, मंडळी म्हटलं की सतरंजीवर बसलेली माणसं दिसतात. 'वडील' या शब्दाची मात्र पंचाईत आहे. आमच्यात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांना वडील म्हणतात. माझे वडील कधीच वडील झाले नाहीत, आणि त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असलेला शेजारचा वडील होता. लहानपणी हे समजायला मला बराच वेळ लागला.

मी पहिल्यांदा हे दाणे हातात घेतले ते १९८४ मध्ये. अठरा नुकती पूर्ण झाली होती. त्या वर्षी प्रश्न मोठा होता. पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, पुढची मुदत राहावं की नाही? आमच्या नियमात दोन-तृतीयांश लागतात. मोजणीच्या वेळी पाळक आत बसत नाहीत. साहेब बाहेर लिंबाखाली सायकलला टेकून उभे होते, आणि मागच्या पाळकघरातून खलबत्त्याचा आवाज येत होता. वडिलांपैकी एकानं डबा उपडा केला तसा तो आवाज थांबला.

यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकलेला माणूस. (ती सेमिनरी त्याच्या आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, पुण्याला गेली होती. वऱ्हाडातलं जे जे काही नावारूपाला येतं ते पुण्याला जातं, असं आजोबा म्हणत.) रात्री-बेरात्री आजाऱ्याच्या घरी जाणारा, कोणाची म्हैस अडली तरी प्रार्थनेला उभा राहणारा. पण त्यांनी एका रविवारी उपदेशात हुंड्याचा विषय काढला होता. नाव घेतलं नव्हतं, पण लग्न कोणाच्या घरी झालं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक. त्या भावकीची मतं सोळा.

मतं पडली अठ्ठावन्न. हवी होती एकोणचाळीस. तूर निघाली सदतीस.

एक वडील बाहेर गेले. मी दारातच होतो, म्हणून ऐकू आलं. पाळकसाहेबांनी कारण विचारलं नाही, नावं विचारली नाहीत. एवढंच म्हणाले, 'पोरांची परीक्षा एप्रिलात आहे. तोवर घर ठेवता येईल का?'

मी हरभरा टाकला होता. हुंड्याशी माझा संबंध नव्हता. मला त्यांनी टुरिंग टॉकीजच्या तंबूतून कान धरून बाहेर काढलं होतं, चारचौघांत. तेवढं माझ्या अठराव्या वर्षाला पुरलं.

आज मी त्याच मंडळीचा खजिनदार आहे. अर्पणाची थैली दर रविवारी मीच मोजतो. कारभाराचे नियम लिहिलेली वही कपाटात आहे, आणि ती मला जवळपास पाठ आहे. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. मंडळीचा खरा कारभार त्या वहीत नसतो. पाळकाचा पगार कुठून येतो ते पाहायचं, म्हणजे कारभार कोणाच्या हातात आहे ते कळतं.

आजी बायबलबाई होती. खेड्यापाड्यांत फिरून बायकांना वाचून दाखवायची, औषधाच्या पुड्या द्यायची. तिचा पगार मिशनच्या बंगल्यावर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मिळे, आणि पाळकाचाही तिथेच, त्याच व्हरांड्यात, त्याच रांगेत. तेव्हाही वडील होते, सेक्रेटरी होता, ठराव होत. आजोबा त्या काळचे ठराव वाचून दाखवत आणि हसत. एका पानावर मंडळीनं एकमतानं ठरवलंय की अमुक पाळक हवेत, आणि त्याच्याच खाली, वेगळ्या शाईत, 'मिससाहेबांच्या सल्ल्यावरून तमुक पाळक येतील.' दोन्ही ठराव मंजूर! वही म्हणत होती की मंडळी स्वतंत्र आहे. व्हरांड्यातली रांग काय ते सांगतच होती.

मिशनरी गेले, बंगल्याला कुलूप लागलं, परदेशातून येणारी रक्कम आधी अर्धी झाली, मग बंद. त्या वर्षी पाळकाला पगार द्यायचा कशानं? तेव्हापासून आमच्याकडचा कापणीचा सण बदलला. आधी तो नुसता उपकारस्तुतीचा होता, आता तो आमचा अर्थसंकल्प झाला. ज्वारीची कणसं, तूर, पोत्यात दाबलेला कापूस, कोंबड्या, लाल भोपळे, आणि लिलाव. एक भोपळा मी दरवर्षी पाहतो. पहिला बोली लावणारा तो घेतो, पैसे टेबलावर ठेवतो, आणि भोपळा परत मंडळीला अर्पण करतो. पुन्हा बोली. चार-पाच वेळा विकला गेला की शेवटी तो विकत घेणाऱ्याकडे जात नाही, पाळकाच्या स्वयंपाकघरात जातो. एका भोपळ्यावर एका महिन्याचं विजेचं बिल निघाल्याचं मी स्वतः वहीत लिहिलंय. ज्या वर्षी बोंडअळी येते त्या वर्षी भोपळा दोनदाच विकला जातो.

आणि ज्या दिवसापासून ज्वारी पगार देऊ लागली, त्या दिवसापासून वडिलांचा आवाज चढला. हे चांगलं झालं की वाईट, ते सदतीस तुरींना विचारावं.

हा प्रश्न काही आमच्या गावचा एकट्याचा नाही. विदर्भात या धर्माचा पाया ज्यांनी घातला त्यांच्या सामानातूनच तो आला. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपुरात उतरले. त्यांच्या नावाचं कॉलेज सगळ्यांना माहीत असतं, पण ते ज्या चर्चनं पाठवले होते ते तेव्हा अवघं दोन वर्षांचं होतं हे फार कोणाला ठाऊक नसतं. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमधून साडेचारशेच्या वर पाळक उठून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड काढलं. भांडण देवाच्या स्वरूपावरून नव्हतं. भांडण होतं, गावचा पाळक कोण नेमणार? तिथे जमीनदाराला आपल्या पसंतीचा पाळक मंडळीच्या माथी मारता येत होता, मंडळी नको म्हणाली तरी, आणि कोर्टांनी त्याचीच बाजू उचलून धरली. बाहेर पडलेल्या पाळकांनी राहती घरं सोडली, बांधलेला पगार सोडला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमचा लिंबाखालचा पाळक आठवला. तिकडे जमीनदार नको म्हणून पाळक बाहेर पडले, इकडे मंडळीला मत दिलं तर मंडळीतच एक जमीनदार निघाला.

या स्कॉटिश मंडळींनी, म्हणजे प्रेसबिटेरियनांनी, त्यावर काढलेला उपाय मला अजूनही शहाणपणाचा वाटतो. एका माणसाच्या हाती सत्ता द्यायचीच नाही, सगळीकडे समिती. गावात पाळक आणि वडील मिळून सेशन. आसपासच्या मंडळ्यांची प्रेसबिटरी, तिच्यावर सिनॉड, सगळ्यांत वर जनरल असेंब्ली. गावानं अन्याय केला तर वर दाद मागायची, पण वरही साहेब नाही, सभाच. आमच्यात ती वरची पायरी कच्ची. गावाचं मत ते शेवटचं.

माझी मावशी नागपूरजवळ मेथडिस्ट मंडळीत दिली. तिथला प्रकार उलटा. तिथे पाळक गाव निवडत नाही आणि गाव पाळक निवडत नाही. कॉन्फरन्सच्या शेवटी बिशप नेमणुका वाचतात आणि ज्याचं नाव ज्या गावापुढे येईल त्यानं ट्रंक उचलायची. मावशीचे दीर पाळक होते. कॉन्फरन्सला जाताना जाऊबाई भांडी पोत्यात भरूनच ठेवत, असं मावशी सांगते. बदल्या सतत, पोरांच्या शाळा चार. मी तिला एकदा म्हटलं, तुमच्याकडे तर सरकारी नोकरीच झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'हो ना. पण आमच्या इथं हुंड्यावर बोलता येते.' १९८४ ची गोष्ट तिला माहीत होती.

कोण कुठल्या पंथाचा, हे विदर्भात कोणी फारसं विचार करून ठरवलेलं नाही. मिशनांनी मुलूख वाटून घेतला होता, एकमेकांच्या तालुक्यात शिरायचं नाही म्हणून. अकोल्याकडे अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, वाशिम-बुलडाण्याकडे नाझरीन, नागपुरात स्कॉटिश आणि अँग्लिकन. आजोबांच्या वडिलांना ज्या मिशनच्या दवाखान्यात गुण आला ते मिशन आमचं झालं. नदीच्या पलीकडे राहत असते तर आज मी दाणे मोजत नसतो, बिशपच्या पत्राची वाट पाहत असतो.

ही वाटणी मोडायचा एक मोठा प्रयत्न नागपुरातच झाला. १९२९ पासून बोलणी सुरू होती. रविवार, २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा चर्च एक झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मलं. माझे वडील नुसते बघे म्हणून गेले होते, मावशीकडे मुक्काम टाकून. अँग्लिकनांकडे बिशप, प्रेसबिटेरियनांकडे समित्या, बाप्तिस्तांकडे गावाची मंडळीच सर्वोच्च, आणि यांना एका घरात राहायचं! मग प्रत्येकाचं थोडं थोडं ठेवलं. बिशप राहिले, पण सभेनं निवडलेले आणि सभेला बांधलेले. गावपातळीवर पास्टरेट, म्हणजे स्थानिक मंडळी, आणि तिची कमिटी, वर डायोसीसची, म्हणजे बिशपच्या हद्दीची, कौन्सिल, त्यावर सिनॉड, आणि तिचा प्रमुख मॉडरेटर. बाळाचा बाप्तिस्मा करायचा की मोठेपणी विश्वास कबूल केल्यावर, यावर शेकडो वर्षं भांडलेल्यांनी ठरवलं की दोन्ही चालतील, ज्यानं त्यानं आपलं पाहावं.

अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बोलण्यांत शेवटपर्यंत होते आणि ऐन वेळी मागे फिरले. मावशीच्या घरी त्या दिवशी वातावरण कसं होतं ते वडील रंगवून सांगत. 'मांडव नागपुरात, वाजंत्री नागपुरात, अन् आमचा एक नवरदेव घरीच बसलेला.' पुढे १९८१ मध्ये या मेथडिस्टांनी आपलं मेथडिस्ट चर्च इन इंडिया उभं केलं.

सासुरवाडी बल्लारपूरची, कॅथलिक. पण तिथलं कॅथलिकपणही नागपूरहून निराळं. चांद्याचा, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा, भाग १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार परंपरेकडे सोपवला गेला, त्यामुळे तिथले फादर बहुतेक केरळचे. मिरची आपली, मिस्सेची रीत त्यांची. फादरांना बिशप नेमतात, बदलतात. पॅरिश कौन्सिल असते, पण तिनं सल्ला द्यायचा, निर्णय फादरांचा. मी एकदा तिथल्या वयस्कर फादरांना आमच्या दाण्यांची गोष्ट सांगितली. वाटलं, हसतील. ते म्हणाले, 'आमच्या गावी पळ्ळियोगम असतं.' म्हणजे देवळाची सभा, घरोघरच्या कर्त्या माणसांची, जमाखर्च विचारणारी, फार जुनी. पोर्तुगीज येण्याच्याही आधीपासूनची. मग किंचित थांबून म्हणाले, 'माझे वडील तिथे फादरना फार प्रश्न विचारायचे.' पुढे काही बोलले नाहीत, चहा मागवला.

आता जमिनीचं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण मंडळ्या याच्यावरच फुटतात. पाच वर्षांपूर्वी पाळकघराचं छप्पर गळू लागलं, म्हणून कर्जाची विचारणा करायला सातबारा काढला. भोगवटादार म्हणून आमच्या मंडळीचं नाव नाही. तिथे मिशनचं जुनं इंग्रजी नाव, तेही अनेक तलाठ्यांच्या हातून जाऊन इतकं मोडलेलं की मला दोनदा वाचावं लागलं. ज्या जागेवर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ठराव करतोय ती आमची कागदावर कधी नव्हतीच. ती विश्वस्तांची, आणि विश्वस्त बदलले तर धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज करावा लागतो. तो मागे कोणी केला होता की नाही, हे शोधण्यात दोन उन्हाळे गेले. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळ्यांचं भांडण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७० च्या ऐक्यानंतर त्यांची मालमत्ता कोणाची? २०१३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की एक व्हायचा ठराव केला म्हणून मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही, विश्वस्त कायद्यानं घालून दिलेल्या वाटेनंच जावं लागतं. एका प्रार्थनेत सहा चर्च एक होतात, सातबारा मात्र जागचा हलत नाही.

सभासद वहीचंही तसंच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. म्हणून काही घरं दर रविवारी पहिल्या बाकावर असतात आणि वहीत नसतात. वहीत नाही म्हणून दाणे नाहीत. त्यांचं अर्पण मी मोजतो, मत मोजता येत नाही. यावर माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही घटनेत कलम नाही.

अलीकडे गावाबाहेर, जिनिंगच्या मागे, एक फेलोशिप सुरू झालीये. माझा पुतण्या तिकडे जातो. पत्र्याचा हॉल, कीबोर्ड, मोठे स्पीकर. तिथे वडील नाहीत, वार्षिक सभा नाही, जमाखर्च फळ्यावर लागत नाही. हॉल पास्टरचा, जमीन पास्टरची, पैसे पास्टरच्या बायकोकडे. मी पुतण्याला म्हटलं, 'अरे, हिशेब कोण विचारते तिथं?' तो म्हणाला, 'काका, तुमच्याकडं हिशेबच विचारतात. तिथं माह्या आईची तब्येत विचारतात.' मला उत्तर सुचलं नाही. अजूनही चिडचिड होते, कारण उद्या तो पास्टर बिघडला तर त्याला हटवणार कोण, हा माझा प्रश्न खोटा नाही. पण वहिनी आजारी होती तेव्हा आमच्या वडिलांपैकी कोण गेलं होतं, हा त्याचा प्रश्नही खोटा नाही.

यंदाच्या सभेला एकोणीस जण आले. कोरम पंचवीसचा. नियमाप्रमाणे सभा तहकूब केली, अर्धा तास थांबलो, पुन्हा चहा झाला, आणि तीच सभा त्याच सतरंजीवर परत भरवली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे कलम कोणी घातलं त्याला माझा सलाम. सेक्रेटरीपदासाठी एकच नाव. खजिनदारासाठी एकच, माझंच. वडिलांच्या चार जागांसाठी चार नावं, त्यातलं एक पहिल्यांदाच बाईचं. अध्यक्षस्थानी असलेले पाळकसाहेब म्हणाले, बिनविरोधच आहे, हात वर करून घेऊ, डबा कशाला. सगळ्यांनी माना हलवल्या. जेवणं खोळंबली होती.

मागच्या भिंतीला टेकून बसलेली म्हातारी आत्या काठी आपटत म्हणाली, 'माहा दाणा?'

मी समजावलं, आत्या, एकच नाव आहे, मत कशाचं द्यायचं. ती ऐकेना. शेवटी पाळकसाहेबांनी खूण केली आणि मी टेबलाखालचा डबा वर काढला, पिशवीतून तुरीचा एक दाणा घेतला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिनं डोळे बारीक करून पाहिलं, बोटानं चाचपलं, पण मूठ मिटली नाही. हात तसाच पुढे.

'अन् हरभरा?'